शनवार तेली आणि आपण



तोरातील गणनेच्या 13व्या अध्यायात परत आलेले हेर सांगतात की आम्ही स्वतःला टोळांसारखे दिसलो, आणि त्या देशाच्या लोकांनाही तसेच दिसलो. यात बोध असा की, माणसाने आधी स्वतःला क्षुद्र मानले, मग जगही त्याला तसेच पाहते असे त्याला वाटू लागले.

कोकणात आपले पूर्वज तेल गाळीत. शब्बाथला घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नाव शेजाऱ्यांनी दिले, पण ते आपल्या आचरणावरून पडले. पुढे इस्राएलात विवाहप्रसंगी आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली. तेव्हा आपले लोक गप्प बसले नाहीत, त्यांनी धरणे धरले. 1964 साली क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये 1975च्या सुमारास सुरिनामहून पुष्कळ हिंदुस्तानी कुटुंबे आली. त्यामुळे लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी आम्हांलाही सुरिनामी समजतात. ती मंडळी भलीच आहेत. पण आम्ही दर वेळी नुसते हसून मान डोलावली, तर सोबतच्या मुलांना तेच खरे वाटेल.

म्हणून शेजाऱ्याला प्रेमाने सांगावे, आणि शुक्रवारी सांजवेळी दिवे लावावेत.