चौकातली पेटी

पुण्यातल्या सिग्नलांच्या कामात मला बारा वर्षं झाली. पूर्वी वेळा बदलायच्या म्हणजे दुचाकी काढायची, चौकात जायचं, लोखंडी पेटी उघडून कंट्रोलरमध्ये आकडे भरायचे. आता ते काम क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमधून होतं. या बदलानं मला जे शिकवलं, ते असं.

१. क्लाउडनं दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे घड्याळ. मी वाट पाहत होतो ती हुशार गणितांची. पण सलग चार चौकांत हिरवा मिळायचा तर चारही पेट्यांची घड्याळं जुळायला हवीत. ती हळूहळू मागं-पुढं सरकायची आणि कागदावरचं नियोजन वाया जायचं. आता सर्व्हर ती रोज जुळवतो. एवढ्यानंच बराच फरक पडला.

२. चौकांना सर्व्हरशी जोडणारी केबल तुटणारच, हे धरून चालावं. एकदा खोदाईत ती तुटली आणि अकरा चौक स्क्रीनवरून गेले. जीव मुठीत धरून मी जवळच्या चौकात पोहोचलो, तर सिग्नल नेहमीसारखा चालू. सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर कंट्रोलरनं स्वतःकडचं ठरलेलं वेळापत्रक धरलं होतं. आडव्या दिशांना एकाच वेळी हिरवा लागू न देणारं यंत्रही त्या पेटीतच असतं. तशी वेळ आलीच, तर ते चौक लुकलुकत्या दिव्यांवर टाकतं. कुणाच्या जिवाचा निर्णय इंटरनेटच्या भरवशावर सोडायचा नसतो, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

३. शून्य म्हणजे रस्ता रिकामा असं नाही. गाड्या मोजणारी तार डांबरात पुरलेली असते. एका रस्त्याचं डांबर खरवडलं, त्यात ती तुटली. सॉफ्टवेअरला गाडी दिसेना, म्हणून त्यानं हिरवा कमी केला. हवालदारांचा फोन आला, "साहेब, रांग पुलापर्यंत गेलीय आणि तुम्ही दहा सेकंद देताय?" तेव्हापासून शून्य दिसलं की मी आधी त्यांना फोन लावतो.

४. पालखी तिथीनं येते, सॉफ्टवेअर तारखेनं चालतं. दरवर्षी पंचांग पाहून ते दिवस हातानं भरावे लागतात.

५. सॉफ्टवेअर कंपनीशी असलेला करार संपला तेव्हा कळलं, की आमच्याच चौकांच्या वेळांची प्रत आमच्याकडे नव्हती. चौकाचौकात उभं राहून त्या पुन्हा मोजल्या.

६. जो मोजला जात नाही, तो थांबत राहतो. एक चौक स्क्रीनवर कायम 'सुरळीत' दिसायचा, कारण गाड्या तिथं फारशा अडत नव्हत्या. एका संध्याकाळी मी तिथं उभा राहिलो. एक आजी भाजीची पिशवी घेऊन निघाल्या, दुभाजकापाशी आल्या आणि त्यांचा हिरवा संपला. दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये त्या. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं धरून आम्ही वेळ काढतो. रस्ता १८ मीटरचा, म्हणून १५ सेकंद. हिशेब बरोबर होता. आजींचे गुडघे त्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी मी आकडा बदलला. ऑफिसात बसून, दोन मिनिटांत, हेही क्लाउडमुळंच.

त्या चौकात आता पायी चालणाऱ्यांना २४ सेकंद मिळतात.