पीकसंरक्षक बंदूक आणि भाजून पक्का करावयाचा लेप

गोवा आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जंगलालगतच्या गावांतून रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी परवानाधारक शेतकरी बंदूक बाळगतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा पीकरक्षणासाठी स्वतंत्र उल्लेखच आहे. या प्रदेशातील दमट हवा व चार महिन्यांचा पाऊस हे लोखंडाचे वैरी. तेलाचा हात वारंवार फिरविण्याचा कंटाळा आला की बंदुकीच्या बाह्यांगावर रंगासारखा लेप देऊन तो घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये भाजून घ्यावा, असा विचार काहींच्या मनात येतो. त्यात तथ्य किती व धोका किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

भाजणीचा लेप नुसता वाळत नाही. इपॉक्सी किंवा फिनॉलिक जातीच्या राळेचे कण ठराविक उष्णतेत परस्परांशी रासायनिक बंधाने जोडले जातात व एकसंध कठीण पापुद्रा तयार होतो. बिडाच्या तव्याला तेल लावून तो तापविला असता जे काळे कवच धरते, त्याची जातकुळी हीच. एकदा जडलेला हा पापुद्रा पुन्हा वितळत नाही.

अनेक लेपांना सुमारे १५० अंश सेल्सिअसला एक तास लागतो. तथापि डब्यावरील सूचना हीच प्रमाण मानावी. घोटाळा होतो तो येथेच. हे तापमान धातूचे असावे लागते, ओव्हनमधील हवेचे नव्हे. पातळ पट्टी लवकर तापते, जाड भाग बराच मागे राहतो. म्हणून सर्वांत जाड भागाला तापमापकाची तार टेकवून, तो भाग त्या अंशावर आल्यानंतरच वेळ मोजावयास प्रारंभ करावा. कच्चा राहिलेला लेप दिसावयास पक्क्यासारखाच दिसतो. थंड झाल्यावर, न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोनने भिजविलेले फडके घासले आणि त्यावर रंग उतरला, तर भाजणी अपुरी झाली असे समजावे.

आता नळीविषयी. कलम १३ मध्ये उल्लेखिलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर असावी लागते. ठासणीची नळी बहुधा याहूनही लांब. घरगुती ओव्हनमध्ये ती मावत नाही, आणि अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून भाजणे निरर्थक होय. मग कोणी ती पावडर कोटिंगच्या कारखान्यात नेण्याचे सुचवितो. हा सल्ला त्याहून घातक आहे. तेथील भट्टी साधारणतः १८० ते २०० अंशांवर चालते. पुष्कळशा दुनळी बंदुकांच्या दोन नळ्या व त्यांमधील पट्टी कथिल-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात, आणि या डाकाचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार १८३ अंशांना वितळतो. वरून झकास दिसणारी बंदूक आतून सुटलेली असू शकते. शिवाय कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो. तेव्हा गावचा लोहार असो वा कारखानदार, बिगरपरवाना माणसाच्या हाती बंदूक सोपविणे हा कायद्याच्या दृष्टीनेही प्रमादच.

ठासणीच्या बंदुकीत आणखी एक भय असते. नळी भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. गज आत तळापर्यंत घालावा, तोंडाशी खूण करावी, नंतर तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. गजाचे टोक टोपी बसविण्याच्या जागेपर्यंत न पोचता अलीकडेच राहिले, तर आत ठासलेला बार आहे असे धरून चालावे आणि तो काढण्याचे काम परवानाधारक कारागिरावर सोपवावे. अशी नळी उष्णतेजवळ नेणे म्हणजे साक्षात मृत्यूला आमंत्रण.

लेपासाठी बंदूक देण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारणा करावी व काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच करवून घ्यावे. त्याच्याकडेही काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. नळीच्या आत, तसेच घोडा व चाप यांच्या परस्परांवर घासणाऱ्या खाचांत लेप जाऊ नये. तेथे केसाएवढी जाडीही यंत्रणा अडखळविते. कोरलेला क्रमांक लेपाखाली बुजता कामा नये. क्रमांक पुसणे वा बदलणे कलम ८ ने निषिद्ध आहे, आणि तपासणीच्या वेळी तो स्पष्ट वाचता आला नाही तर नाहक चौकशी मागे लागते.

लेपाची जात पारखावयाची असेल तर नांगराचा खिळा किंवा कोयत्याची कडी यांसारख्या वस्तूवर ती जरूर पारखावी. त्यासाठीही स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये; लेपातून निघणारी वाफ आरोग्यास अपायकारक असून तिचा अंश आत चिकटून राहतो. गंज व तेलकटपणा पूर्णपणे काढावा, अन्यथा लेप पुढे पापुद्र्याने सुटतो. लेप दिल्यावर त्यातील द्रावक उडून जाण्यास डब्यावर सांगितलेला अवधी द्यावा, कारण ओल्या लेपाची वाफ पेट घेते. चुलीच्या निखाऱ्यांवर तर हे काम मुळीच करू नये.

तोवर बंदुकीला जुना उपाय पुरेसा आहे. ठासणीच्या बंदुकीतील दारूची राख ओल खेचून घेते. म्हणून बार उडविल्यानंतर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी व आतबाहेर तेलाचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यात दर आठवड्याला हा हात पुन्हा फिरवावा आणि बंदूक कातडी म्यानात कोंडून ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते.