पऱ्हे टाकण्याआधी कुंपणाचे खांब रोवून घ्या

उन्हाळी धान निघाले आणि पऱ्हे टाकायला अजून अवकाश आहे. वाडीचे, धुऱ्याचे खांब बदलायचे असतील तर हाच पंधरवडा धरा. पुढे नांगरणी-रोवणीच्या धांदलीत कुंपण राहून जाते आणि धान पोटरीत आले की रानडुकरे हजर होतात.

दुकानात जाण्याआधी धुऱ्यावरची माती पाहा. कन्हार जमीन मे महिन्यात इतकी टणक होते की कुदळ उसळून परत येते. तिथे आदल्या संध्याकाळी खांबाच्या जागी बादलीभर पाणी मुरवा, सकाळी सब्बल सहज उतरते. सिहार, मोरांड हाताला सोपी. बरडीवर मुरूम-गोटे लागतात, तिथे टिकासाशिवाय भागत नाही.

घरच्या वीस-पंचवीस खांबांना पाच फुटांची जड सब्बल पुरते. एक टोक चपटे, दुसरे अणकुचीदार असावे, आणि लोहाराकडून टोकाला पाणी पाजून घ्यावे. फावड्याने खड्डा उगाच रुंद होतो, मग खांब सैल राहतो. त्यापेक्षा सब्बलीने माती मोकळी करून जुन्या डब्याने उपसा. खांबाभोवती चार बोटे जागा राहिली की पुरे.

पेट्रोलचे खड्डे खोदायचे यंत्र भाड्याने मिळते. पन्नासाच्या वर खांब असतील तरच ते परवडते. ओल्या कन्हारीत त्याचे पाते चिखलाने भरते, मुरमात गोटा लागला की दांडा हातात गरकन फिरतो. दोघांनी धरावे, सैल दुपट्टा-धोतर आवरून. लोखंडी अँगलला खड्डाच नको. गावच्या वेल्डरकडून जाड पाइपचे एक तोंड बंद करून दोन मुठी जोडून घ्या. तो अँगलवर चढवून वरखाली आपटला की घण चुकून बोटांवर बसण्याचा प्रश्नच नाही.

खांबाचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जावा, कोपऱ्याचे त्याहून खोल आणि आतून टेकू देऊन. रांगेसाठी सुतळी, उभेपणासाठी दोरीला बांधलेला दगड पुरतो. खरी मेख मात्र भरणीत आहे. बहुतेकजण सगळी माती एकदम लोटतात आणि वरून पाय देतात. तसे न करता वीतभर मुरूम टाका, धुम्मसाने ठोका, मग पुढचा थर. धुम्मस नसेल तर सब्बलीचे चपटे टोक चालते. वर माती उंच ठेवा, म्हणजे पाणी बुडाशी साचणार नाही. डुक्कर खालून मुसंडी मारते, म्हणून जाळी वापरत असाल तर तिची खालची कड मातीत पुरा.

लाकडी खांबाचे बूड भाजून त्यावर डांबर लावा, उधई लांब राहते. बांबू घ्यायचा तर भरीव, हिवाळ्यात तोडलेला. पावसाळी बांबूला भुंगा लवकर लागतो. बेशरम लावून मोकळे होणाऱ्यांना एवढेच सांगणे की ते झाड शेळ्यांना विषारी आहे, निरगुडी बरी.

खांबाला तार आली की काहींचा हात विजेच्या खांबाकडे जातो. एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेला चिकटून मेला. अशा तारांनी माणसेही मेली आहेत, आणि वाघ मेला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तुरुंग आहे. सौर झटका मशीन वेगळे, ते क्षणभर धक्का देऊन सोडते. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

जंगलाकडेच्या धुऱ्यावर एकट्याने खड्डा खोदू नका. वाकलेल्या माणसाचे लक्ष खाली असते, म्हणून एक जण उभा राहून राखण करील असे पाहा. नवतप्यात सकाळी नऊच्या आत काम आटपा. पहिले दोन पाऊस पडल्यावर प्रत्येक खांब हाताने हलवून पाहा. जो डुलेल त्याच्या बुडाशी मुरूम घालून पुन्हा धुम्मस मारा.