दोन दुखणी, एक काठी

मी मुलुंड पूर्वेला राहते, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत. उजवा गुडघा आधीच झिजलेला, बोटांचे सांधे अधूनमधून सुजणारे. त्यात बीपी चढून मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झाला आणि डावं अंग लुळं पडलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, चालत राहा. हाडांचे म्हणाले, गुडघा जपा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण दोन्ही सल्ले पाळायचे एकाच देहाने.

१. काठीचा हात आधी ठरवून घ्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हा साधा नियम. डावं अंग दुबळं म्हणून काठी उजव्या हातात. उजवा गुडघा दुखतो म्हणून ती डाव्या हातात! डाव्या हाताला तर पकडच नाही. शेवटी फिजिओताईंनी निकाल लावला: काठी उजवीकडेच, पण चार पायांची, तोल सांभाळणं पहिलं, गुडघा नंतर. गुडघ्याचा भार दुसरीकडून कमी करायचा. पलंग आणि खुर्ची उंच केली, कमोडवर उंच सीट बसवली, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले. बोटं सुजली की बारीक मूठ आवळवत नाही, म्हणून काठीच्या मुठीवर फोम गुंडाळला.

जिन्याची गंमत वेगळीच. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुबळा आधी, असं शिकवतात. माझा 'बरा' पाय म्हणजे झिजलेल्या गुडघ्याचा! म्हणून एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मगच पुढची. कठडा चढताना उजव्या हाताला येतो, उतरताना मात्र लुळ्या हाताच्या बाजूला जातो. मुलाने सोसायटीची परवानगी काढून समोरच्या भिंतीला दुसरा कठडा बसवून घेतला. रिडेव्हलपमेंटमध्ये लिफ्ट येणारच आहे, असं कमिटी म्हणते. सून लग्न होऊन आली तेव्हाही कमिटी हेच म्हणत होती.

२. दुखण्याची गोळी कोणालाही विचारून घेऊ नका. ज्यांनी मेंदूवर उपचार केले त्यांनाच विचारा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही सांधेदुखीची नेहमीची औषधं बीपी वाढवू शकतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्तातल्या बिंबाणूंच्या कामातही अडथळा आणतात. रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाला हे तिन्ही नको असतं. मला पॅरासिटामॉल दिलं, तेही दिवसाची मर्यादा लिहून. सर्दीच्या गोळीतही बरेचदा तेच असतं, शिवाय अ‍ॅसिक्लोफेनॅकबरोबर एकाच गोळीत मिसळूनही मिळतं. म्हणून केमिस्टकडून आणलेल्या पाकिटावरची बारीक अक्षरं सून मोठ्याने वाचते. वाताच्या पुड्या घेऊन शेजारपाजारचे येतातच. कागदावर काय आहे लिहिलेलं नसेल तर पुडी परत. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे, आणि त्याने बीपी आणि साखर दोन्ही चढतात. माझं बीपी १३०/८० च्या खाली राहायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून पापड-लोणचंही गेलं. त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटतं.

३. शेक घ्या, पण बधिर बाजूला जपून. डाव्या हाताला गरम-गार नीट कळत नाही. पिशवी भाजत असली तरी मेंदूपर्यंत निरोप पोचत नाही. म्हणून आधी उजव्या हाताने पाहायचं, मध्ये टॉवेल ठेवायचा आणि पिशवी घेऊन झोपायचं नाही.

४. कुणी लुळा हात धरून ओढायला आलं तर ताबडतोब थांबवा. प्रेमाने उठवायला येणारे पाहुणे नेमका तोच हात धरतात. स्नायू सैल पडले की खांदा खोबणीतून खाली सरकतो, आणि त्याची कळ संधिवाताची समजून लोक बाम चोळत बसतात. उठवायचं तर कमरेला धरून. बसताना त्या हाताखाली उशी हवीच.

५. वेळ दुखण्यांच्या मर्जीने ठरवा. माझे सांधे सकाळी आखडलेले असतात, मेंदू दुपारी थकतो. मधली वेळ व्यायामाची. कोमट पाण्याने अंघोळ, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, थोड्या वेळाने फिजिओ. सांधा लाल आणि गरम असेल त्या दिवशी जोर नाही, नुसतं हलकेच हलवायचं. कणकेचा छोटा गोळा मळायला घेते. पोळ्या सूनच करते, पण डाव्या बोटांना काम मिळतं. दुपारी टीव्ही आणि गप्पा एकदम चालू असल्या की डोकं बधिर होतं. त्याला आळस म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, झोपते.

६. डोकं अचानक असह्य दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, की थेट १०८. सांध्यांसाठी घेतलेल्या गोळीने उतरेल म्हणून वाट पाहायची नाही.

७. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. मी लाजून टाळत होते, नणंदेने फॉर्म भरला. आता लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून घाटकोपरला तिच्याकडे जाते, गर्दी ओसरल्यावर. फलाटावर तो डबा थांबतो तिथे बीप-बीप आवाज येत असतो, त्या रोखाने आधीच जाऊन उभं राहायचं. फलाट आणि डबा यांतलं अंतर माझ्या गुडघ्याला जास्त वाटतं, म्हणून मुलगा आधी चढतो आणि मला कमरेला धरून आत घेतो.