विद्यार्थ्यांची माहिती कूटबद्ध करून पाठविण्याची रीत

शाळेकडून तालुक्यास जाणाऱ्या कागदपत्रांत शिष्यवृत्तीच्या यादीइतका नाजूक कागद दुसरा नसेल. मुलाचे नाव, जात, दिव्यांगत्वाचा प्रकार, बँकेचे खाते आणि बारा अंकी आधार क्रमांक हे सारे एकाच तक्त्यात असते. पूर्वी असा तक्ता लाख लावलेल्या लखोट्यातून जाई. सांप्रत तो ई-मेलला जोडून पुष्कळदा उघडाच धाडला जातो.

ई-मेलचा प्रवास आज बहुधा संरक्षित मार्गाने होतो, हे खरे. परंतु वाटेपेक्षा मुक्कामी धोका अधिक. पत्त्यात एक अक्षर चुकले, किंवा कार्यालयाची सामायिक पेटी भलत्याने उघडली, की तक्ता परहस्ते गेलाच. मुलीच्या आजाराची नोंद एकदा बाहेर पडली म्हणजे ती परत बोलाविता येत नाही.

यास्तव तक्ता जोडण्यापूर्वीच कूटबद्ध करावा. कूटबद्ध म्हणजे किल्लीवाचून निरर्थक भासेल अशा रूपात मजकूर बदलणे. एक्सेलमध्ये ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ आणि ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ या क्रमाने जावे. तेथेच ‘प्रोटेक्ट करंट शीट’ असाही पर्याय दिसतो. त्याने केवळ फेरफार अडतो, मजकूर वाचता येतोच. अनेक शिक्षकबंधू येथे फसतात. तक्ता जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारात न ठेवता ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात जतन करावा. जुन्या प्रकारातील बंदोबस्त कच्चा आहे. अनेक फाइली एकत्र धाडावयाच्या असल्यास ‘सेव्हन-झिप’ ही विनामूल्य आज्ञावली उपयोगी पडते. तीत ‘सेव्हन-झेड’ प्रकार निवडून फाइलींची नावेही झाकण्याच्या पर्यायावर खूण करावी. ई-मेलचा विषय व जोडलेल्या फाइलीचे बाहेरील नाव मात्र उघडेच राहते. तेथे विद्यार्थ्याचे नाव लिहू नये.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली असे प्रतिपादन केले की, कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावयाची ती किल्ली. आपली किल्ली म्हणजे पासवर्ड. गावाचे नाव व साल जोडून केलेला पासवर्ड म्हणजे दाराला सुतळी बांधण्यासारखे होय. ज्याच्या हाती फाइल पडली, त्याचा संगणक अगणित अंदाज करून पाहू शकतो, आणि त्यास अडविणारा कोणी नसतो. म्हणून परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. देवनागरीत टंकन केल्यास दुसऱ्या संगणकावर ते जुळेलच असे नाही.

पासवर्ड त्याच ई-मेलात, अथवा मागाहून त्याच पत्त्यावर धाडू नये. कुलूप व किल्ली एकाच गाठोड्यात बांधण्याचाच तो प्रकार. जपानच्या कार्यालयांत ही चाल इतकी रुळली होती की, नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील मंत्रिमंडळ कार्यालयास ती बंद करावी लागली. आपण दूरध्वनी करावा, ओळखीचा आवाज ऐकावा आणि शब्द सांगावेत. क्रमांक मात्र आपल्या वहीतील असावा, आलेल्या ई-मेलातील नव्हे.

कूटबद्ध फाइलीच्या आत विषाणू-तपासणीस डोकावता येत नाही. अनपेक्षित आलेली अशी फाइल, प्रेषकास विचारल्याखेरीज उघडू नये. पासवर्ड विसरल्यास तो कोणीही काढून देणार नाही. मूळ तक्ता शाळेच्या संगणकावर कूटबद्ध ठेवून पासवर्ड कागदावर लिहावा व तो कागद मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावा.