शब्द ग्लासगोत, काम शिवारात



नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने जगाला शब्द दिला. २०३० पर्यंत कोळसा, तेल व वायूशिवाय वीज करण्याची क्षमता ५ लाख मेगावॅटवर नेऊ आणि २०७० पर्यंत कार्बनचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. त्यापैकी जून २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ती व बगॅससारख्या जैविक इंधनाची झाली.

परंतु विहिरीवर मोटार बसविली म्हणजे पाटात पाणी आले असे होत नाही. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून निम्म्याहून अधिक वाटा कोळशाचाच आहे. सूर्य रात्री नसतो आणि वारा बारमाही नसतो. हे अंतर कमी करणे म्हणजेच शब्द पाळणे.

यात आपला वाटा कोणता? १०० टन उसातून सुमारे २८ ते ३० टन बगॅस निघते. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात व वाफेवर टर्बाईन फिरते. ही वीज रात्रीही मिळते, पण बहुतांशी गाळप हंगामापुरतीच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्टही २०२५ मध्ये गाठले. त्यात धान्याबरोबर उसाचाही वाटा आहे.

मात्र २०२३ चा धडा विसरू नये. पाऊस कमी पडला, उसाचा अंदाज घटला आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. पुढील हंगामासाठी ते उठले. पाणी नाही तर ऊस नाही, आणि ऊस नाही तर बगॅसही नाही, इथेनॉलही नाही. म्हणून आम्ही सभासदांना दोन कामे सुचवितो.

१) पाचट पेटवू नये. एकरी तीन-चार टन पाचट निघते. खोडव्यात ते सरीत दाबावे. दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात, मोटार कमी चालते. वाचलेली वीज हीदेखील कमावलेली वीजच.

२) ज्यांच्या विहिरीवर विजेचे कनेक्शन नाही त्यांनी राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अर्ज करावा. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. दिवसा पाणी देता येते, रात्री साप-विंचवाच्या भयात बांधावर जावे लागत नाही. पण ऊन फुकट आहे म्हणून दिवसभर पाणी उपसले, तर विहीर उन्हाळ्यात तळ दाखवील. तेव्हा सौरपंपाबरोबर ठिबक हवेच.

दिल्लीने दिलेला शब्द दिल्लीत पुरा होणार नाही. तोडणी झाली की काडेपेटी खिशातच ठेवावी आणि आपल्या गटाच्या शेती कर्मचाऱ्यास बोलवावे. पाचट सरीत कसे दाबायचे ते तो फडात उभा राहून दाखवील.