सभासदांच्या मालकीचा आयुर्विमा : बॉम्बे म्युच्युअलचा धडा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानातील मालाचा आगीचा विमा आपण उतरवतो, बँकेचे कर्ज असेल तर तो उतरवावाच लागतो. पण ज्या माणसाच्या मेहनतीवर दुकान, माग किंवा शिलाई मशीन चालते, त्याच्या आयुष्याचा विमा पुष्कळ घरांत नसतो. कर्ता पुरुष अचानक गेला तर उधारी वसूल करणारा कोणी राहत नाही आणि देणेकरी मात्र दारात उभे राहतात. म्हणून आयुर्विम्याचा, विशेषतः 'म्युच्युअल' पद्धतीचा, हिशेब समजून घेणे जरुरीचे आहे.

म्युच्युअल म्हणजे काय?

भिशी आपल्या सर्वांच्या माहितीची आहे. भिशीत आपलेच पैसे पाळीपाळीने आपल्याला मिळतात. विम्यात सर्वांनी थोडे थोडे जमा करायचे आणि ज्याच्या घरी मृत्यू झाला त्या घराला ठरलेली रक्कम द्यायची, असा करार असतो.

एक काल्पनिक हिशेब पाहू. एका वयाच्या 1,000 माणसांनी प्रत्येकी 1 लाखाचा विमा घेतला आणि वर्षाला 350 रुपये हप्ता भरला. जमा झाले 3 लाख 50 हजार. वर्षात 3 मृत्यू झाले, तर 3 लाख वारसांना गेले. खर्च 20 हजार. शिल्लक 30 हजार. भागधारकांच्या कंपनीत या शिलकीवर भांडवल घालणाऱ्यांचा हक्क असतो. म्युच्युअल संस्थेत भागधारकच नसतात, विमेदार हेच सभासद व मालक. म्हणून शिल्लक एकतर राखीव निधीत जाते किंवा बोनस म्हणून सभासदांना मिळते.

पण त्याच वर्षी 5 मृत्यू झाले तर? देणे 5 लाख, जमा साडेतीन लाख. म्हणून राखीव निधी मोठा लागतो, सभासद पुष्कळ लागतात आणि वयानुसार हप्ता ठरवणारा गणिती तज्ज्ञ लागतो. केवळ इमानदारीवर विमा संस्था चालत नाही.

मुंबईचा इतिहास

हिंदुस्थानात आयुर्विमा इंग्रजांनी आणला. 1818 मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. पुढे हिंदी लोकांचे विमे घेतले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या आयुष्याचा भरवसा कमी मानून जादा हप्ता घेतला जाई. 1870 मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अॅश्युरन्स सोसायटी स्थापन झाली. तिने हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवला. जादा हप्त्याची अट अशी एका सभासदांच्या संस्थेने मोडली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1874 मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कंपनी निघाली.

1912 च्या कायद्याने हप्त्यांचे तक्ते व मूल्यमापन तज्ज्ञाकडून प्रमाणित करणे सक्तीचे झाले. 1938 च्या कायद्याने देखरेख आणखी कडक केली. तरीही काही कंपन्यांच्या चालकांनी विमेदारांचा पैसा स्वतःच्या इतर धंद्यांत वळवला. तो पैसा अमानत होता, याचा त्यांना विसर पडला. अखेर 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 154 भारतीय व 16 परदेशी कंपन्या आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण 245 संस्था सरकारने घेतल्या. 1 सप्टेंबर 1956 रोजी 5 कोटी भांडवलावर एलआयसी सुरू झाली. बॉम्बे म्युच्युअलचा कारभारही त्यातच गेला.

फिलिपिन्समध्ये उलट घडले. मनिला येथे 1910 मध्ये निघालेली इन्शुलर लाइफ कंपनी 1987 मध्ये भागधारकांकडून विमेदारांच्या मालकीची झाली.

म्युच्युअलची कमजोरीही सांगितली पाहिजे. शेअर विकून भांडवल उभारता येत नाही, त्यामुळे वाढ सावकाश होते. सभासद विखुरलेले असतात, सभेला येत नाहीत आणि कारभार मूठभरांच्या हाती जातो.

आपल्याकडे आज

एलआयसी म्युच्युअल नाही. ती सरकारी मालकीची असून मे 2022 मध्ये तिचे साडेतीन टक्के शेअर लोकांना विकले गेले. तरी बोनसच्या पॉलिसींच्या शिलकीपैकी किमान 90 टक्के विमेदारांना द्यावे, असा कायदा आहे. व्याज व अनिश्चितता यांमुळे ज्यांना विम्याबद्दल शंका आहे, त्यांच्यासाठी माहिती अशी की जेद्दा येथील फिक्ह अकादमीने डिसेंबर 1985 मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवून परस्पर मदतीच्या पद्धतीला मान्यता दिली. मलेशियाने 1984 मध्ये तकाफुलचा कायदा केला. भारतात तसा वेगळा कायदा नाही. आपल्या उलमांना विचारून निर्णय घ्यावा.

विमा घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. कर्जबाजारी होण्याचा धोका असलेल्या व्यापाऱ्याने पत्नी व मुलांच्या नावे 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली पॉलिसी घ्यावी. त्या रकमेवर देणेकऱ्यांचा हक्क पोहोचत नाही. मात्र देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी ती घेतलेली नसावी. कलम 6 मुसलमानांनाही लागू आहे. अर्ज भरतानाच तशी नोंद करावी.

2. तंबाखू, मधुमेह, जुने आजार लपवू नयेत. तीन वर्षांनंतर पॉलिसीवर हरकत घेता येत नाही, पण त्याआधी लपवाछपवी उघड झाली तर दावा अडकतो.

3. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत ती वाचून पसंत नसल्यास परत करता येते.

4. आमच्या तुंगार्ली-लोणावळ्यात धंदा हंगामी आहे. पावसाळ्यातील पर्यटकांच्या गर्दीत पैसा येतो, नंतर तंगी असते. अशा माणसाने दरमहाऐवजी हंगामात येणारा वार्षिक हप्ता ठरवावा. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते.

5. रोजंदारीच्या कारागिराने बँक खात्यातून 436 रुपये वार्षिक हप्त्याची पंतप्रधान जीवन ज्योती योजना तरी घ्यावी. 18 ते 50 वयात नाव नोंदता येते आणि 2 लाख रुपये वारसाला मिळतात.

पॉलिसीचा कागद कोठे ठेवला आहे हे घरातील बाईमाणसांना आजच सांगून ठेवावे. कागदच सापडला नाही तर भरलेल्या हप्त्यांचा उपयोग घराला वेळेवर होत नाही.